कोणाचे कोणावाचून अडते?

परिसर अभ्यास शिकवताना अन्नसाखळीचे एक ठरलेले चित्र फळ्यावर येते. खाली गवत, गवतावर नाकतोडा, नाकतोड्यावर टपलेला बेडूक, बेडकामागे साप आणि सर्वांत वर घिरट्या घालणारी घार. मुले ते चित्र पाच मिनिटांत पाठ करतात आणि वहीत काढताना निम्मी मुले बाण उलटे दाखवतात, कारण साप बेडकाला खातो म्हटल्यावर बाण सापाकडून बेडकाकडे जावा, असेच कोणालाही वाटेल. बाण खाणाऱ्याची झडप दाखवत नसून अन्न कोणाच्या पोटात गेले ते दाखवतो, एवढे समजावले की तो घोटाळा मिटतो. माझी अडचण त्यापुढची आहे. त्या सापाला बेडूक मिळाला नाही तर तो उंदीर गिळेल, बेडकाला नाकतोडा मिळाला नाही तर तो किडे टिपेल आणि घार तर शहरातल्या कचऱ्यावरही निभावून नेते. म्हणजे सजीव एकमेकांवर अवलंबून असतात, हे ज्या चित्रातून शिकवायचे, त्या चित्रात अवलंबून असणे फारसे नाहीच; आहे ते केवळ खाणे.

आपल्याकडे मोठी माणसे सहज म्हणून जातात की कोणाचे कोणावाचून अडत नाही. माणसांच्या व्यवहारात ते खरे असेलही. सजीवांच्या जगात मात्र काहींचे काहींवाचून साफ अडते, काहींचे थोडेफार अडते आणि काहींचे मुळीच अडत नाही. मुलांना शिकवण्यासारखे जे काही आहे, ते माझ्या मते या फरकात आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याबाबत निर्देश दिले आणि पुढे हा विषय सर्व इयत्तांच्या पुस्तकांत आला, हे चांगलेच झाले. परंतु विषय आला तसा त्याच्यासोबत ‘निसर्गाचा समतोल राखा’ हा सुविचारही आला, आणि मुले प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून तो सुविचार लिहू लागली.

शिबिरांमधून एक दोऱ्याचा खेळ घेतला जातो. मुले गोलात उभी राहतात, कोणी झाड होते, कोणी मधमाशी, कोणी वाघ, आणि दोऱ्याचे रीळ एकाकडून दुसऱ्याकडे जात एक जाळे तयार होते. मग एकाने दोरा ओढला की सगळ्यांना तो जाणवतो. मुलांना हा खेळ फार आवडतो. मला त्यात एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे त्यातला प्रत्येक दोरा सारख्याच जाडीचा असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून खडकाळ समुद्रकाठच्या एका पट्ट्यातून एकाच जातीचा तारामासा सातत्याने काढून टाकला, तेव्हा तो ज्या शिंपल्यांना खाऊन आवरत होता, त्यांनी जागा व्यापली आणि तिथल्या प्राणी-वनस्पतींच्या १५ जातींपैकी ८ उरल्या. दुसरी एखादी जात काढली असती, तर कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते. कोणता दोरा सुतळीएवढा आणि कोणता कोळ्याच्या धाग्याएवढा, हे पाहायला शिकवायचे असेल तर एकच नाते निवडून त्याच्यापाशी बराच वेळ थांबावे लागते.

त्यासाठी नाशिकमध्ये उंबरासारखे दुसरे झाड नाही. गोदाकाठी, ओढ्यांच्या कडेला, विहिरींपाशी, दत्ताच्या देवळांच्या आवारात ते असतेच, आणि त्याची फळे थेट खोडावर झुबक्यांनी लागत असल्यामुळे चौथीतल्या मुलाचाही हात तिथपर्यंत पोहोचतो. वर्षातून काही वेळा मी मुलांना उंबराखाली नेते, वेगवेगळ्या आकारांची फळे खुडायला सांगते आणि ब्लेडने ती उभी कापून भिंगाखाली ठेवते. क्वचित दर्शन देणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, पण कापलेल्या कोवळ्या फळात शेकडो फुले आतल्या बाजूला तोंड करून दाटीने बसलेली असतात. मग मुलांपुढे प्रश्न उभा राहतो, की चारी बाजूंनी बंद असलेल्या या खोलीत परागकण पोहोचवणार कोण? मधमाशी आत जाऊ शकत नाही, वारा जाऊ शकत नाही.

जाते ती मुंगीहून लहान अशी एक इवली गांधीलमाशी. देठाच्या समोरच्या टोकाला फळाला एक बारीक तोंड असते आणि तेही खवल्यांनी जवळजवळ बुजलेले असते. त्यातून मादी स्वतःला आत ढकलते, तेव्हा बहुधा तिचे पंख तुटून बाहेरच राहतात. तिला परत यायचे नसतेच. ज्या उंबरात ती जन्मली, तिथून आणलेले परागकण ती आतल्या फुलांवर घालते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडे पडलेल्या फुलाची गाठ होते आणि तिच्यात अळी वाढते, उरलेल्या फुलांत बी धरते. पुढे गाठी फोडून आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात आणि डोळेही असून नसल्यासारखे असतात. गाठीत असलेल्या माद्यांशी त्यांचे मीलन होते, ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरतात. त्या भोकातून माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हातात एखाद-दुसरा दिवस असतो आणि तेवढ्यात त्यांना नेमक्या अवस्थेत असलेले कोवळे उंबर शोधावे लागते.

हे सांगून झाले की मुलांचा पहिला प्रश्न दरवेळी नराविषयी असतो. “मॅडम, म्हणजे त्याने भोक पाडले आणि स्वतः बाहेर बघितलेच नाही?” बहुतेकांच्या बाबतीत हो, तसेच. या उत्तराने मुले काही वेळ अस्वस्थ होतात आणि मी ती अस्वस्थता पुसायला जात नाही. निसर्गात सगळे एकमेकांना प्रेमाने मदत करतात, हे चित्र मुलांना सोयीचे असले तरी उंबराच्या फळात ते टिकत नाही. माशीला बी नको असते, तिला सगळ्याच फुलांत अंडी घालता आली तर ती घालील. झाडाला अळ्या नको असतात, त्याला सगळ्याच फुलांचे बी झाले तर हवे आहे. दोघांच्या ओढाताणीतून जे उरते त्यावर दोघांची वंशावळ चालते. त्यात भर म्हणून काही उपऱ्या माश्या फळात न शिरता बाहेरूनच सुईसारखी लांब नळी खुपसून अंडी घालतात, त्या परागकणांचे कोणतेही काम करत नाहीत, आणि फळांवर हिंडणाऱ्या मुंग्या त्यांना हुसकावतात किंवा पकडतात. मुंगीला उंबराची काळजी असते असे नाही, तिला शिकार हवी असते. तरीही तिच्यामुळे उंबराचे भले होते.

आता खरा मुद्दा येतो. एका उंबरावरची फळे साधारण एका वेळी पिकतात, मात्र शेजारच्या उंबराची वेळ वेगळी असते. बाहेर पडलेल्या मादीला दुसरे झाड सापडलेच पाहिजे आणि ते नेमके कोवळ्या फळांवर असले पाहिजे. म्हणजे दत्ताच्या देवळातला एकुलता एक उंबर पार बांधून, कुंपण घालून राखला, तरी त्याचे एकट्याने भागत नाही. सोमेश्वरपासून आनंदवलीपर्यंत आणि पलीकडे मखमलाबादच्या मळ्यांपर्यंत विखुरलेले दुसरे उंबर त्याच्या माशीचे पुढचे मुक्काम असतात. मुलांना मी घरी जाताना दिसतील ते उंबर मोजायला सांगते आणि मग वर्गात कागदावर आपला एक ओबडधोबड नकाशा तयार होतो. पंचवटी हे नाव पाच वडांवरून पडले असे आपण मानतो. त्या वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी आणि उंबराची निराळी, एकीचे काम सहसा दुसरीला जमत नाही. या झाडांची फळे बारा महिने कुठे ना कुठे चालू असल्यामुळे उन्हाळ्यात जेव्हा इतरत्र काही नसते, तेव्हा तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकिळा, आपला राज्यपक्षी हरियाल आणि रात्री वटवाघळे त्यांवर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेतून बी वाड्यांच्या भिंतींवर जाऊन रुजते. रस्ता रुंद करताना एक जुना वड तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपे लावल्याचा हिशेब जेव्हा मांडला जातो आणि त्या रोपांत मूळचा मादागास्करचा गुलमोहर असतो, तेव्हा तो हिशेब झाडांपुरता बरोबर असतो. माशीचा, तांबटाचा आणि वटवाघळाचा रकाना त्यात नसतो.

आमच्या शाळेत निम्मी मुले शहरातल्या सोसायट्यांमधून येतात आणि निम्मी आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांची आहेत. उंबरापाशी शहरातली मुले पुढे असतात, कारण त्यांना सगळेच नवे असते. विषय द्राक्षाकडे आणि कांद्याकडे वळला की बाजू उलटते. मधमाशी नसेल तर शेती बुडेल, असे वाक्य मुलांनी कुठेतरी वाचलेले असते. मी विचारते, की मग द्राक्षबागेत मधमाश्यांच्या पेट्या का दिसत नाहीत? द्राक्षाच्या फुलाचे काम स्वतःच्या परागावर होते, थॉमसनसारख्या बिनबियांच्या वाणाला तर बीसुद्धा नको असते, वेल काडीपासून वाढते, डॉगरिजच्या खुंटावर तिचे कलम होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि मणी फुगावेत म्हणून घड जीए या संजीवकात बुडवणे, म्हणजे डिपिंग. “मग द्राक्ष कोणावर अवलंबून आहे?” असे एकदा विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, “माझ्या पप्पांवर.” वर्ग हसला, पण मला वाटते ते उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा नेमके होते.

त्याच मुलाने पुढे मिलीबगची हकिकत सांगितली. वेलीच्या सालीखाली पांढऱ्या कापसासारखे मिलीबग असतात, ते रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी येते आणि घड विकण्याजोगा राहत नाही. मुंग्या तो चिकटा खातात आणि त्या बदल्यात मिलीबगला खाणाऱ्या ढालकिड्यांना पळवून लावतात, म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त केला तर बरे पडते, हे तो पाचवीतला मुलगा बागेत पाहून शिकला होता. क्रिप्टोलीमस नावाचा एक ढालकिडा मिलीबग खाण्यासाठी १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आजही तो वाढवून बागांत सोडला जातो, एवढीच भर मला घालावी लागली. सरसकट कीटकनाशक मारले की मिलीबग सालीखाली दडून बरेचसे वाचतात आणि उघड्यावर फिरणारा ढालकिडा मात्र मरतो, हेही मुलांनीच एकमेकांत बोलून काढले.

कांद्याचे नेमके उलटे आहे. कांदा खायला मधमाशी लागत नाही, पण कांद्याचे बी धरायला ती लागते. लासलगावच्या आवारात जो कांदा येतो, त्याचे रोप उळ्यापासून म्हणजे बियाण्यापासून होते, आणि उळे तयार होते ते बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला दांडे येऊन त्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे उमलतात तेव्हा. त्यातल्या प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटून जातो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून एका फुलाला दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. त्यातून कांद्याचे बी फार दिवस टिकत नाही, वर्षभरात त्याची उगवण घसरते, त्यामुळे साठवणीवर विसंबून चालत नाही; दरवर्षी नवे बी आणि दरवर्षी नव्याने माश्या. फुलोऱ्यात फवारणी झाली की त्या वर्षी बी कमी भरते. एकाच तालुक्यात, कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एका पिकाचे मधमाशीवाचून अडते आणि दुसऱ्याचे अडत नाही, हे पाहिलेली मुले ‘मधमाशी नसेल तर’ हे वाक्य पुढच्या वेळी जरा जपून लिहितात.

नात्यात फसवणूकही असते, हे सांगायला अंजनेरीचा डोंगर जवळ आहे. तिथे सापडणाऱ्या आणि त्याच डोंगराचे नाव मिळालेल्या कंदीलपुष्पाच्या जातीविषयी मी सांगते. या कुळातली फुले नळीसारखी असतात, इवल्या माश्यांना वासाने भुलवून आत घेतात, आतले उतरते केस त्यांना बाहेर पडू देत नाहीत, आणि केस सुकल्यावर सुटका झालेली माशी पराग अंगाला लावून पुन्हा तशाच दुसऱ्या फुलात फसते. झाडाचे माशीवाचून अडते, माशीचे झाडावाचून काहीच अडत नाही. फूल पाहायला मुलांचा मोठा जथा डोंगरावर नेऊ नये, असे माझे मत आहे. दुर्मीळ झाड पायदळी जाण्यापेक्षा ते मुलांनी न पाहिलेले बरे. फोटोवर काम भागते.

हिवाळ्यात सहल न्यायची ती नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. २०२० मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. इथे मुलांना यादी करायला लावण्यापेक्षा चोची पाहायला लावणे मला फलदायी वाटते. चमच्या उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवतो, थापट्या पाण्याचा पृष्ठभाग गाळतो, उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायींवर आणि शिंपल्यांवर जगतो, कमळपक्षी पानांवरून चालत किडे टिपतो, चक्रवाक काठाला चरतात. पाणी वीतभर चढले की एकाची जागा जाते आणि दुसऱ्याची होते. आता हे पाणी चढते-उतरते कशाने? वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून आवर्तन सुटते, ते या बंधाऱ्यावर येते आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढच्या शेतांना जाते. म्हणजे मध्य आशियातून आलेल्या बदकाला त्या दिवशी अन्न कुठे मिळेल, हे काही अंशी पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर ठरते. माणूस आला की निसर्ग बिघडतो, या साध्या समजुतीला हे ठिकाण बसत नाही, आणि माणसाने काहीही केले तरी चालते, या समजुतीलाही बसत नाही. मुलांना या दोन्ही समजुतींपासून सोडवायचे असेल, तर दिवसभर काठावर बसण्याला पर्याय नाही.

गिधाडांचा धडा मी सहावीच्या अलीकडे घेत नाही, कारण त्यातले कार्यकारण लांबचे आहे. गुरे दुखण्याने बसली की त्यांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. एका शवावर डझनावारी गिधाडे बसत असल्यामुळे शंभरांतले एखादेच शव औषधाचे असले तरी पुरे होते, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालत असल्यामुळे ही तूट भरून निघणे अशक्य होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. मुलांना मी ते हजारात एक असे सांगते. खरे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तोपर्यंत रोगापासून उपासमारीपर्यंत अनेक तर्क झाले होते. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले. गिधाडे गेली आणि गावाबाहेर टाकलेली ढोरे कुत्र्यांना मिळू लागली, कुत्री वाढली, चावे वाढले. गिधाडावाचून आपले काही अडत होते, हे ते नाहीसे होईपर्यंत कोणाच्या गावीही नव्हते. हरसूलजवळ खोरीपाड्याला मेलेली गुरे गिधाडांसाठी ठरलेल्या जागी ठेवली जातात, त्यात गावकऱ्यांचा हात आहे. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आजही घरटी करतात. मुलांना हा शेवटचा भाग सांगताना मी आवाज चढवत नाही. हजारातले एक उरले होते, ते अजून हजार झालेले नाही.

हल्ली तोंडी परीक्षेत मी व्याख्या विचारत नाही. ‘तुमच्या घराजवळचा एक सजीव घ्या, त्याचे कोणावाचून अडते आणि कोणावाचून अडत नाही, ते सांगा,’ एवढाच प्रश्न असतो. कढीपत्त्यावरच्या अळीपासून घरातल्या पालीपर्यंत उत्तरे येतात. निफाडकडून येणाऱ्या एका मुलीने बिबट्या घेतला. तिच्या गावात संध्याकाळनंतर कोणी एकटे बाहेर पडत नाही, त्यामुळे हा विषय तिने पुस्तकातून उचललेला नव्हता. बिबट्याला जंगल नसले तरी चालते, असे ती म्हणाली, कारण त्याला लपायला ऊस आहे आणि खायला कुत्री-डुकरे आहेत. शेजारच्या अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता, हे तिला माहीत नव्हते, तरी उत्तर तेच होते. पण ऊस पाटाच्या पाण्यावर आहे, म्हणून बिबट्याचे धरणावाचून अडते, असा तिचा निष्कर्ष होता.

त्यावर एका मुलाने हरकत घेतली, की ऊस तोडला तर बिबट्या मक्यात जाईल, मग अडले कुठे? मुलगी म्हणाली, मका चार महिन्यांत निघतो, ऊस वर्षभर उभा असतो, आणि बिबट्याची पिल्ले चार महिन्यांत आईला सोडून जाण्याएवढी होत नाहीत, म्हणून तर तोडणीच्या वेळी ती सरीत सापडतात. मुलाने विचारले, की मग धरण नव्हते तेव्हा बिबट्या पिल्ले कुठे ठेवत होता? तासाची घंटा झाली तरी वर्गाचे दोन तट तसेच होते, आणि मी दोघांनाही पूर्ण गुण दिले.